खलनायक नव्हे, जन्मकथा मोजा

सुपरहीरोचा नवा सिनेमा जाहीर झाला आणि त्यात दोन-तीन खलनायकांची नावं दिसली, की एक ठरलेलं मत लगेच फिरायला लागतं. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘सिनेमात खलनायक एकच हवा. दुसरा आला की कथा भरकटते. ही खोड अलीकडची आहे, पूर्वी एका नायकाला एक खलनायक पुरायचा. दोन-अडीच तासांत दोघातिघांना न्याय देताच येत नाही. “द डार्क नाइट” जमला कारण तिथे जोकर एकटा होता, “स्पायडर-मॅन ३” फसला कारण तिथे तिघं कोंबले होते. दुसऱ्या खलनायकाची गरज कथेला नसते, खेळणी विकणाऱ्यांना असते.’

ऐकायला पटतं. असे दोन-चार फसलेले सिनेमे प्रत्येकानेच सोसलेले असतात. पण या मतातलं एकेक वाक्य सिनेमांसमोर ठेवलं तर फार थोडं शिल्लक राहतं. (पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. बहुतेक सिनेमे जुने आहेत, त्यामुळे माफी मागत नाही.)

‘खोड अलीकडची’ हे सगळ्यात लवकर निकालात निघतं. बॅटमॅनचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९६६ चा. त्यात जोकर, पेंग्विन, रिडलर आणि कॅटवुमन असे चौघेही एकत्र आहेत आणि पेंग्विनच्याच आकाराच्या पाणबुडीत बसून कट शिजवतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत एका गोष्टीला साधारण एक बडा खलनायक असायचा आणि तो घरबसल्या दिसायचा. तिकीट काढून थिएटरात आलेल्याला त्याहून जास्त काहीतरी द्यायलाच हवं होतं. कॉमिक तर याच्याही कितीतरी पुढे होती. १९४३ ते १९४५ या काळात कॅप्टन मार्वलच्या, म्हणजे आज आपण ज्याला शझॅम म्हणून ओळखतो त्याच्या, अंकांत ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ इव्हिल’ ही २५ भागांची कथा चालली. त्या टोळीचा म्होरक्या मिस्टर माइंड ही चष्मा लावलेली एक अळी होती. १९६४ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी स्पायडर-मॅनच्या पहिल्याच वार्षिक विशेषांकात सहा खलनायक एकदम आणले, ते ‘सिनिस्टर सिक्स’. म्हणजे गर्दी ही या प्रकाराची जन्मापासूनची सवय आहे. ‘एकास एक’ हा नियम कधी नव्हताच, तो आपण मागाहून लावला.

आता खरा मुद्दा, वेळेचा. गणित असं मांडलं जातं की १४० मिनिटं भागिले तीन खलनायक म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर. हे गणित खलनायकाचा खर्च चुकीच्या खात्यात लिहितं. खलनायक पडद्यावर असतो म्हणून वेळ जात नाही. तो खलनायक कसा झाला हे दाखवण्यात, म्हणजे त्याच्या जन्मकथेत, वेळ जातो. सज्जन शास्त्रज्ञ, त्याचं दुःख, त्याच्यावर झालेला अन्याय, मग प्रयोगशाळेतला अपघात, मग आरशात स्वतःचं नवं रूप पाहणं, मग पहिला गुन्हा. एवढं सगळं यायला अर्धा तास सहज जातो. तयार खलनायक मात्र दार उघडून आत येतो आणि कामाला लागतो.

या नजरेने ‘द डार्क नाइट’ (२००८) पाहा. पहिली गोष्ट म्हणजे तिथे जोकर एकटा नाहीच. हार्वी डेंट म्हणजे टू-फेस आहे, मरोनी आणि त्याचे माफिया भाऊबंद आहेत, त्यांचे पैसे घेऊन पळणारा लाऊ आहे, सुरुवातीच्या पार्किंगच्या प्रसंगात आधीच्या सिनेमातला स्केअरक्रोसुद्धा हजेरी लावून जातो. ही चांगली भरगच्च यादी झाली. मग ती आपल्याला जाणवत का नाही? कारण जोकरला जन्मकथाच नाही. तोंडावरच्या व्रणांची एक हकीकत तो एका गुंडाला सांगतो, त्यात बाप असतो. दुसरी डेंटची प्रेयसी रेचल हिला सांगतो, त्यात बायको असते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत आणि बहुधा एकही खरी नाही. हीथ लेजरच्या अभिनयाबद्दल बोलताना आपण या युक्तीला गूढतेचं श्रेय देतो. ते आहेच, पण पटकथेच्या हिशोबात तिने आणखी एक काम केलं. जोकरवर खर्च होणारी मिनिटं वाचली आणि ती सगळीच्या सगळी हार्वी डेंटला मिळाली. त्या सिनेमात जन्मकथा एकच आहे आणि ती जोकरची नसून डेंटची आहे. उमदा सरकारी वकील सिनेमाचा मोठा भाग आपल्यासमोर वावरतो, आपल्याला आवडायला लागतो आणि मग अर्धा जळतो.

डेंटला काढून बघा काय उरतं ते. दोन बोटींवरचे लोक एकमेकांना उडवायला नकार देतात, जोकर उलटा लटकतो, खेळ खलास. म्हणजे जोकर हरला. पण तसं होत नाही, कारण लटकलेल्या अवस्थेतही त्याच्याकडे हुकमाचं पान असतं: शहराचा सगळ्यात स्वच्छ माणूस त्याने आधीच बिघडवून ठेवलेला असतो. जोकरच्या विजयाचं नावच टू-फेस आहे. तेव्हा ‘एकच खलनायक म्हणून जमला’ याचा पुरावा म्हणून हा सिनेमा पुढे करणं म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला आपल्या बाजूने उभं करणं.

‘बॅटमॅन बिगिन्स’मध्येही (२००५) फाल्कोनी, स्केअरक्रो आणि रास अल गूल असे तिघं आहेत. फाल्कोनी आणि स्केअरक्रो तयार येतात आणि रासची ओळख म्हणजे ब्रूसचं, म्हणजे बॅटमॅनचं, प्रशिक्षण, त्यामुळे ती मिनिटं नायकाच्याच खात्यात पडतात. ‘द बॅटमॅन’मध्ये (२०२२) रिडलर, पेंग्विन, फाल्कोनी यांच्यापैकी कुणालाही घडताना दाखवायला कॅमेरा थांबत नाही. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये (२०२१) तर पाच खलनायक आहेत. पाचही जण २००२ ते २०१४ मधल्या आधीच्या सिनेमांतून घडून आलेले, त्यामुळे एका नव्या खलनायकाला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात पाचही पुरून उरले. जगभरात १९० कोटी डॉलरहून जास्त गल्ला झाला. जुन्या आठवणींवर चालला, असं कुणी म्हणेल. चालला असेल, पण वेळेच्या गणिताला त्या आठवणींनीच उत्तर दिलं.

त्याच सिनेमात ‘सगळ्यांना न्याय’ या कल्पनेचाही समाचार घेतला गेलाय. पाचांना समान न्याय दिलेलाच नाही. वजन एकट्या ग्रीन गॉब्लिनचं आहे, मावशीच्या मृत्यूला कारण तो ठरतो, पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, खुनापर्यंत नेतो तोही तोच. लिझर्ड जवळजवळ फर्निचर आहे. आणि यात काही बिघडलं नाही! खलनायकांमध्ये पडद्याचं समान वाटप करायला ही काही वडिलोपार्जित जमीन नव्हे.

आता ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७). तो सदोष आहे हे मान्य, भांडण निदानाशी आहे. (आणि ‘बुडाला’ हा शब्द तर नकोच. सुमारे ८९ कोटी डॉलर जमवून तो दिग्दर्शक सॅम राइमींच्या तीन स्पायडर-मॅनपटांत सर्वाधिक कमाईचा ठरला.) सँडमॅन, व्हेनम आणि ग्रीन गॉब्लिनचा मुलगा हॅरी, तिघांनाही या सिनेमात घडायचंय. फ्लिंट मार्को पळता पळता प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो आणि सँडमॅन होतो. उल्का नेमकी पीटरच्या शेजारी पडते आणि तिच्यातून त्याचा काळा पोशाख बनणारा जीव येतो. पीटर चर्चमध्ये काळा पोशाख ओरबाडून काढतो तेव्हा पुढे व्हेनम होणारा एडी ब्रॉक नेमका खाली हजर असतो. हॅरी डोक्यावर आपटून स्मृती घालवतो, मग ती परत येते. तीन जन्मकथा आणि तिन्ही योगायोगावर टेकलेल्या. भरीला, या तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. सँडमॅन आणि व्हेनम यांची युती एका गल्लीत, दोन-चार वाक्यांत उरकते. बाप कसा मेला हे हॅरीला सांगायला घरचा बटलर शेवटच्या लढाईपर्यंत थांबतो. एवढी वर्षं तो काय करत होता, हा प्रश्न जगभरच्या प्रेक्षकांनी विचारून झालाय.

पण त्याच सिनेमातला सँडमॅनच्या जन्माचा प्रसंग आठवा. वाळूचा ढीग माणूस व्हायचा प्रयत्न करतो, ढासळतो, पुन्हा उभा राहतो, मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलायला हात पुढे करतो आणि बोटंच विरून जातात. संवाद एकही नाही. या प्रकारच्या सिनेमांतला इतका सुंदर प्रसंग मला तरी दुसरा चटकन आठवत नाही. सॅम राइमींना सँडमॅन हवा होता. व्हेनम आला तो निर्माते अवी अराड यांच्या आग्रहाने, हे राइमींनीच सांगितलेलं आहे. दोष असेल तर दिग्दर्शकाला न भावलेली जन्मकथा त्याच्या गळ्यात मारण्यात आहे. आकडा तीनचा होता म्हणून बिघडलं नाही.

गंमत म्हणजे ‘तिसऱ्यापेक्षा दुसरा बघा, एकटा डॉक ऑक आणि काय सिनेमा!’ असं सांगितलं जातं. २००४ चा तो दुसरा भाग पुन्हा लावून पाहा. ऑटोला, म्हणजे डॉक ऑकला, यंत्रासाठी ट्रिटियम हे दुर्मीळ इंधन हवंय, ते हॅरीकडे आहे. ऑटो त्याला गच्चीच्या कठड्याबाहेर उलटा लटकवतो आणि हॅरी सौदा करतो: स्पायडर-मॅन जिवंत आणून दे, ट्रिटियम घेऊन जा, तो कुठे मिळेल ते पीटर पार्करला विचार. तिथून पुढे कॅफेच्या काचेतून गाडी आत येते. म्हणजे ऑटो पीटरपर्यंत पोचतो तो दुसऱ्या शत्रूमुळे. त्या शत्रूच्या अंगावर पोशाख नसतो, म्हणून आपण त्याला मोजत नाही. १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्येही जोकर घडतो तो त्याचा साहेब ग्रिसम त्याला पोलिसांच्या तावडीत ढकलतो म्हणून. ‘एक खलनायकवाले’ म्हणून मिरवले जाणारे बरेच सिनेमे असेच आहेत. एक रंगीत कपड्यातला, एक साध्या.

आणि खलनायक खरोखरच एकटा असून पडलेल्या सिनेमांचं काय? २०१५ च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये एकटा डूम आहे. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्ये एकटा स्टेपनवुल्फ आहे आणि समोर सहा नायक. नियम खरा असता तर दोन्ही तरायला हवे होते.

‘दुसऱ्याची कथेला गरज नसते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते पटकथेतल्या एका जुन्या अडचणीकडे काणाडोळा करतं. नायक शेवटपर्यंत मरू शकत नाही. मुख्य खलनायकही शेवटाआधी हरू शकत नाही. मग मधले दीड तास करायचं काय? मध्ये कुणीतरी हरवता येण्याजोगा लागतो, किंवा नायकाच्या हातून निसटून त्याची पत घालवणारा लागतो. रामायणातसुद्धा रावणाआधी कुंभकर्ण आणि इंद्रजित येतात, ते काही लंकेची लोकसंख्या दाखवायला नाही.

‘ब्लॅक पँथर’मधला (२०१८) क्लॉ हे याचं सगळ्यात नेटकं उदाहरण. वकांडा या काल्पनिक देशाचा व्हायब्रेनियम हा धातू चोरणारा हा माणूस २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्येच येऊन गेलेला, म्हणजे जन्मकथेचा खर्च शून्य. त्याने राजाचा मित्र वकाबी याचे आईबाप मारलेले असतात. वकाबी नव्या राजाकडे, टिचालाकडे, एकच मागतो, त्याला आण नाहीतर जिथे सापडेल तिथे मार. टिचाला बुसानपर्यंत जातो, क्लॉला पकडतो, पण मुख्य खलनायक किलमाँगर त्याला सोडवून नेतो आणि राजा रिकाम्या हाताने परततो. मग एक अनोळखी तरुण सीमेवर येऊन वकाबीच्या पुढ्यात क्लॉचं प्रेत टाकतो. मोठं भाषण नाही, युक्तिवाद नाही. जे राजाला जमलं नाही ते याने करून दाखवलं, एवढ्यावर वकाबीची निष्ठा फिरते आणि शेवटच्या रणात वकांडाचे लोक वकांडाच्याच लोकांवर चालून जातात. क्लॉ नसता तर किलमाँगरला हे दार उघडलंच नसतं, तो बाहेरून आलेला एक रागावलेला चुलतभाऊ एवढाच राहिला असता.

त्याहून जुना नमुना ‘सुपरमॅन २’ (१९८०). झॉड, अर्सा आणि नॉन हे तिघं सुपरमॅनइतकेच बलवान. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच त्यांना शिक्षा होताना आपण पाहिलेलं असतं, इथेही जन्मकथा फिटलेली. ताकद भरपूर, पण पृथ्वीची माहिती शून्य. सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथरकडे माहिती सगळी, पण तो सुपरमॅनला एक गुद्दाही मारू शकत नाही. म्हणून तो झॉडकडे जाऊन सांगतो की सुपरमॅन हा तुमच्या तुरुंगाधिकाऱ्याचा, जॉर-एलचा मुलगा. मोबदल्यात ऑस्ट्रेलिया मागतो. लूथर झालेला जीन हॅकमन ही मागणी अशा थाटात करतो जणू खोलीला खिडकी मागतोय.

आणि शेवट बघा. बर्फातल्या किल्ल्यात एक कक्ष आहे, त्यातल्या लाल किरणांनी सुपरमॅन आणि या तिघांसारख्या क्रिप्टनवासीयांची शक्ती जाते. एकटा सुपरमॅन तिघांना लढून हरवू शकत नाही हे एव्हाना सिद्ध झालंय. तो लूथरच्या कानात कुजबुजतो, या तिघांना कसंही करून त्या कक्षात घाल. लूथर पुढच्याच क्षणी हे झॉडला ओरडून सांगतो. झॉड खूश होऊन सुपरमॅनलाच आत कोंबतो. पण सुपरमॅनने यंत्रणा आधीच उलटी करून ठेवलेली, आतला सुरक्षित आणि किरणं बाहेरच्यांवर. मग झॉड ऐटीत हात पुढे करतो, तो हातात घेऊन निष्ठेची शपथ घ्यावी म्हणून, आणि सुपरमॅन तो हात चिरडतो. हा सगळा डाव एका गृहीतावर उभा आहे: लूथर विश्वासघात करणारच. दुसरा खलनायक काढून घेतला तर हा शेवट लिहिताच येत नाही.

राहिला खेळण्यांचा आरोप. याच्यात तथ्य आहे आणि ते ‘बॅटमॅन अँड रॉबिन’च्या (१९९७) नावावर जमा आहे. खेळण्यांचा विचार सिनेमा आखतानाच होत होता हे त्याचे दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. पण पाच वर्षं मागे जा. टिम बर्टन यांच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये (१९९२) पेंग्विन, कॅटवुमन आणि मॅक्स श्रेक असे तिघं आहेत, त्यातला श्रेक तर खास या सिनेमासाठी रचलेला, सुटाबुटातला उद्योगपती. या गर्दीने खेळण्यांचं भलं केलं का? उलट सिनेमा इतका अंधारा निघाला की मॅकडोनाल्ड्सच्या मुलांच्या जेवणासोबतच्या जाहिरातमोहिमेवर पालक संतापले आणि पुढच्या भागाचं दिग्दर्शन बर्टनकडून शूमाकर यांच्याकडे गेलं. तो सिनेमा माझ्या जन्मकथेच्या हिशोबातही बसत नाही, हेही सांगून टाकतो. दोन पूर्ण जन्मकथा आहेत आणि तरीही तो मला आवडतो. किंमत मोजली ती बॅटमॅनने. स्वतःच्याच सिनेमात तो पाहुण्यासारखा वावरतो.

पैशाचंच कारण शोधायचं तर खेळण्यांपेक्षा श्रेयनामावली वाचावी. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये आधी मार्लन ब्रँडो, मग हॅकमन, आणि ख्रिस्तोफर रीव्ह तिसरा. १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्ये मायकल कीटनच्या आधी जॅक निकल्सन. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये जॉर्ज क्लूनीच्या आधी अर्नोल्ड श्वार्झनेगर. नायक पुढच्या भागांसाठीही बांधलेला असतो आणि त्याचा चेहरा बऱ्याचदा मुखवट्याआड असतो. बडा नट एका सिनेमापुरता येतो आणि मनसोक्त खेळतो तो खलनायक म्हणून. एकाऐवजी दोन बडी नावं पोस्टरवर हवी असतील तर खलनायक दोन लागतात. यात पाप काय आहे मला कळत नाही.

पाप आहे ते वेगळीकडे, आणि फिरणाऱ्या मताने त्याला हातही लावलेला नाही. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये (२०१४) इलेक्ट्रो आणि हॅरी यांच्या दोन जन्मकथा आधीच गर्दी करून आहेत, त्यात शेवटाला राइनो येतो. जाहिरातींत तो भरपूर मिरवला, सिनेमात मात्र लोखंडी चिलखत घालून उभा राहतो तोवर सिनेमा संपतो. त्याआधी हॅरीच्या ऑस्कॉर्प कंपनीच्या तळघरातून जाताना कॅमेरा आपल्याला व्हल्चरचे पंख आणि ऑक्टोपसचे यांत्रिक हात दाखवून घेतो. हे खलनायक या कथेत कुणाच्याही वाटेत येत नाहीत, कुणाला फसवत नाहीत, कुणाकडून हरतही नाहीत. ते पुढच्या सिनेमाची जाहिरात म्हणून उभे आहेत. स्टुडिओने तेव्हा सिनिस्टर सिक्सवर स्वतंत्र सिनेमा काढायचं ठरवलं होतं. तो निघालाच नाही.